नातेपुत्याचा उलटा रस्ता

वैजयंती गाडी चालवायला शिकली ती वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, आणि तेव्हा सगळ्या घराने तिला वेड्यात काढलं होतं. मुलींच्या शाळेत हेडक्लार्क असलेली बाई, जुळे सोलापुरातून रिक्षाने पंधरा मिनिटांत शाळेत पोचणारी. तिला या वयात स्टिअरिंग कशाला हवं? नवरा शिवराज पहिले दोन महिने तिच्या शेजारी डोळे मिटून बसायचा. सात रस्त्याच्या चौकात गाडी बंद पडायची, मागून हॉर्नचा नुसता गदारोळ उठायचा, आणि ही बाई शांतपणे खिडकीतून हात काढून सगळ्यांना 'थांबा जरा' अशी खूण करायची. शाळेच्या खिडकीवर दाखला मागायला आलेल्या पालकांना करते, अगदी तशीच. सहा महिन्यांत हात बसला. वर्षभरात शिवराज तिच्या गाडीत पेपर वाचायला लागला.

फक्त एका माणसाने त्या गाडीत पाऊल ठेवलं नव्हतं. ते म्हणजे तिचे वडील, सयाजीतात्या.

तात्या आता ब्याऐंशीचे. उभं आयुष्य त्यांनी सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्याचा टेम्पो चालवला. कारखान्यात नवा ड्रायव्हर आला की त्याची परीक्षा तेच घ्यायचे. शेजारी बसायचे आणि दर चार-पाच मैलांनी एकच प्रश्न टाकायचे, "पुढं काय?" पूल, उतार, शाळा, नेहमी रस्त्यात बसणारी म्हैस, जे काय असेल ते वळणाआधी सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर गडी आणखी महिनाभर हमालांबरोबर गठ्ठे उचलायला. "दिसल्यावर कुनीबी सांगंल की," तात्या म्हणायचे, "दिसायच्या आदी सांगंल त्यो डायवर." मोबाइलमधला नकाशा त्यांना मुळीच मान्य नव्हता. "त्या बाईला इचारून गाडी चालवायची व्हय? ती कदी बसली हुती का टेम्पोत?"

धाकटा आशिष अठराव्या वर्षी या परीक्षेत पास झाला होता, तोही पहिल्या फटक्यात. तेव्हापासून तात्यांना भाऊबीजेला नातेपुत्याला न्यायचं काम त्याचं. तात्यांची थोरली बहीण बजाबाई नातेपुत्याला दिलेली. ती आता शहाऐंशीची. तिच्याकडची भाऊबीज तात्यांनी आजवर एकदाही चुकवली नव्हती. टेम्पोच्या दिवसांत नाही आणि टेम्पो सुटल्यावरही नाही.

यंदा मात्र घोटाळा झाला. आशिष चाकणला नोकरीला. आकाशकंदील टांगायला म्हणून तो स्टुलावर चढला आणि कंदिलासकट खाली आला. पायाला प्लास्टर. पाडव्याच्या सकाळी त्याचा फोन आला तेव्हा तात्यांनी "बरं, जीव वाचला ना" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. मग बराच वेळ कॅलेंडरसमोर उभे राहिले. भाऊबीजेच्या दिवशी एसटीला केवढी गर्दी असते हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती, आणि त्या गर्दीत आपले गुडघे टिकायचे नाहीत हेही ते जाणून होते.

"मी नेते," वैजयंती म्हणाली. दिवाळीचा फराळ द्यायला ती माहेरी आली होती.

"रस्ता ठावं हाय का तुला?"

"अहो तात्या, लहानपणापासून दर वर्षी गेलेय की! डोळे मिटून सांगीन."

"डोळे मिटून चालवनार असशील तर मी एसटीनंच जातो," तात्या म्हणाले. पण दुसरा इलाज नव्हता. शेवटी त्यांनी अट घातली. जाताना परीक्षा. पास झाली तर दर वर्षी ती नेईल. नापास झाली तर गाडी नातेपुत्यातच ठेवायची, येताना दोघांनी एसटीनं यायचं, आणि आशिषचा पाय बरा झाला की तो गाडी आणेल. वैजयंतीने हसत हसत कबूल केलं. मनातून मात्र तिला हे चांगलंच लागलं होतं. आशिषला गाडी शिकवली तात्यांनी स्वतः, पहाटे उठवून, पोटच्या मायेने. तिने कधी मागितलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही. शाळेत एवढी माणसं तिच्या सहीवाचून अडतात, पण या एका माणसाने 'तू चांगली चालवतेस' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. त्रेपन्नाव्या वर्षीसुद्धा हवं होतं, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

आणि रस्ता तिला खरंच पाठ होता, अशी तिची खात्री होती. भाऊबीजेच्या दिवशी कारखान्याचे मालक तात्यांना टेम्पो घेऊन जाऊ द्यायचे. तात्या आणि आशिष पुढे केबिनमध्ये, कारण आशिष मुलगा. आई यशोदा, वैजयंती आणि मधली रेश्मा मागे, कारण त्या बायका. त्या काळी याच्यावर कोणी वाद घालत नसे. मागे गोणपाट अंथरलेलं असायचं, डबे, पाण्याची कळशी आणि गाडी लागणाऱ्या रेश्मासाठी एक लिंबू. केबिनच्या मागच्या बाजूला काच नव्हती, नुसता पत्रा होता. अधूनमधून तात्या आतून पत्र्यावर मूठ आपटायचे, म्हणजे 'ठीक आहे ना?' आई बाहेरून दोनदा आपटायची, म्हणजे 'ठीक आहे.' बापलेकींच्या आणि नवराबायकोच्या बोलण्याचा सगळा व्यवहार तेवढाच. रस्त्याच्या खुणांना मुलींनी स्वतःची नावं ठेवली होती. शेंदऱ्या मारुती, एकडोळ्या वाडा, बोळकी माडी, रेश्माचा लिंब. या शेवटच्या नावामागचं कारण रेश्मा आता बार्शीत सून-नातवंडांत बसून ऐकून घेत नाही. परतीला मात्र काही दिसायचं नाही. रिकामा टेम्पो माघारी आणणं तात्यांच्या जिवावर यायचं. बाजरीची, शेंगांची पोती, सोलापुरातल्या सगळ्या भावकीचा माल भरून ताडपत्री चारी बाजूंनी आवळली जायची, आणि पोरी पोत्यांवर गाढ झोपायच्या.

भाऊबीजेला सकाळी सातला निघाले. तात्यांनी आधी चारही टायरना लाथ मारून पाहिली, मग आरशाकडे संशयाने बघितलं, मग पट्टा लावून घेतला. पुणे नाका मागे पडला. मोहोळपर्यंत त्यांचा उजवा पाय अधूनमधून नसलेला ब्रेक दाबत होता. मोहोळला पंढरपूरच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"पुढं काय?"

"शेंदऱ्या मारुती," वैजयंती झटक्यात म्हणाली. "डाव्या... नाही, उजव्या हाताला. लालभडक, मोठ्ठे डोळे."

गाडी पुढे गेली. एक चुन्याची भिंत गेली, एक पंक्चरचं दुकान गेलं. मारुती काही आला नाही.

"गेला की त्यो," तात्या म्हणाले.

"कुठं?"

"ती चुन्याची भित काय हुती मग?"

एकडोळ्या वाड्याचीही तीच गत. गोल खिडकीचा वाडा म्हणून वैजयंती डोळ्यांत तेल घालून बघत राहिली आणि कोरी भिंत बाजूने निघून गेली. पंढरपूरचा पूल तिने बरोबर सांगितला, पण तो नदीवरचा पूल होता, तो शेंबडं पोरही सांगेल. रेश्माचा लिंब तर नव्हताच. रस्ता चौपदरी करताना झाडं गेली, तिथे आता दुभाजकावर कण्हेर फुलली होती.

"रस्ता मोठा केलाय ना तात्या, सगळं पाडलंय," ती म्हणाली.

"मला समदं दिसतंय की जिथल्या तितं," तात्या म्हणाले. ते चिडलेले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. नापास होणाऱ्या पोराचा पेपर बघणाऱ्या मास्तरांसारखे ते हळू बोलत होते.

वेळापूर जवळ आलं तशी तिने बोळकी माडी सांगितली. दात पडल्यासारखा कठडा, तिने वर्णनही केलं. माडी आली नाही. माळशिरसच्या पुढे, अगदी नातेपुतं टप्प्यात आल्यावर, तिने शेवटचा डाव टाकला. "आता उंट."

"काय?"

"टेकडी. बसलेल्या उंटासारखी."

समोर मातीचा एक बेढब ढिगारा आला आणि गेला. "उंट," तात्या स्वतःशी म्हणाले. "राजस्थानात निगाली का काय ही?"

परीक्षेचं सोडा, वैजयंतीला आतून भलतंच काहीतरी पोखरायला लागलं होतं. मारुतीच्या जागी चुन्याची भिंत, वाडा नाही, माडी नाही, उंट नाही. म्हणजे हे सगळं आपणच रचलं होतं का? आई आपल्याला बोट करून दाखवायची, ते काय दाखवायची? आई जाऊन नऊ वर्षं झाली. रेश्माला फोन करून विचारावं तर ती म्हणेल, मला ओकाऱ्यांशिवाय काही आठवत नाही. आत्याच्या दारात गाडी उभी केली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला तिने डिकी उघडून उगाचच पिशव्या इकडच्या तिकडे केल्या.

बजाबाई पाठीत वाकली होती, पण जिभेला कुठे बाक नव्हता. भाऊ पाटावर बसला, तिने कुंकू लावलं, ओवाळायला तबक उचललं, आणि तात्यांनी ओवाळून घेता घेता बातमी सांगितली, "माघारी एसटीनं जानार आमी. पोरीला रस्ता म्हाईत न्हाय. गाडी हितंच राहू दे."

बजाबाईचा हात थांबला. तिने वैजयंतीकडे पाहिलं. वैजयंती चौकटीकडे बघत होती. तात्यांनी साडीची पिशवी तबकात ठेवायला उचलली.

"साडी राहू दे," बजाबाई म्हणाली. "कपाटात घड्या पडल्यात साड्यांच्या. औंदा मी मागंन ते घाल."

"माग की. कदी न्हाय म्हनलंय का?"

"माघारी गाडी वैजूच चालवंल. तू शेजारी बसायचं आन तिला कायबी इचारायचं न्हाय. घरला जाईपत्तुर."

"आगं पर आक्का..."

"दिवा जळतोय. व्हय म्हन का न्हाय म्हन."

ओवाळणीला नाही म्हणणं तात्यांच्या बापजाद्यांना जमलं नव्हतं. ते "व्हय" म्हणाले, पण असं की जणू कोणी त्यांचं लायसन काढून घेतलं. मग पुरणपोळीवर त्यांनी सगळा राग काढला.

तीन वाजता निघाले. तात्या ओठ घट्ट मिटून बसले होते. त्यांच्या तोंडात प्रश्न नुसता वळवळत होता हे वैजयंतीला दिसत होतं, पण बहिणीला दिलेला शब्द. गाव मागे पडलं, ऊस संपला, माळ लागला, आणि समोर, उन्हात, मान ताठ करून, पाठीवर एकच कुबड घेऊन उंट बसला होता.

वैजयंतीने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली.

"पंक्चर झालं वाटतं," तात्या स्वतःशीच म्हणाले.

गाडी थांबेपर्यंत ते टेकडी ओलांडून पन्नास-साठ पावलं पुढे आले होते. ती उतरली, वळून मागे पाहिलं. मातीचा ढिगारा. मग पाय उचलून थोडी माघारी नातेपुत्याच्या बाजूला चालत गेली आणि पुन्हा टेकडीकडे तोंड केलं. उंट. ती रस्त्याच्या कडेला एकटीच हसायला लागली. एका ट्रॅक्टरवाल्याने वेग कमी करून बाईंना काय झालंय ते बघून घेतलं.

"तात्या," ती पळत येऊन आत बसली, "आम्ही मागं तोंड करून बसायचो हो! टेम्पोत! तुमच्या पाठीला पाठ लावून! मला रस्ता पाठ आहे, पण उलटा पाठ आहे! सोलापूरहून येताना मी मागं सुटलेलं बघायची. म्हणजे नातेपुत्याहून निघाल्यावर समोरून जे दिसतं ते!"

तात्यांनी टेकडीकडे बघितलं. मग मुलीकडे. डोळे बारीक केले. ते काही विचारू शकत नव्हते, त्यामुळे तिने स्वतःच गाडी सुरू केली आणि न विचारता सांगायला लागली.

"आता कॅनॉल. कॅनॉलच्या अलीकडं दोन विहिरी, एकीच्या काठावर मोटेचं पाणी पडायचं जुनं दगडी थारोळं." आली. "इथं आई डोक्यावर पदर घ्यायची. शेंगांची टरफलं झटकायची आणि आम्हाला म्हणायची, गप बसा आता, आत्याचं गाव आलं."

तात्यांनी मान वळवली. "घ्यायची म्हंजी? आदी पदर नसायचा व्हय?"

आक्काला दिलेला शब्द तिथेच मोडला, पण त्यांना त्याचं भान नव्हतं.

"नसायचा की! पुणे नाका सुटला की पदर खाली. सोलापुरात गल्लीतली माणसं, नातेपुत्यात नणंदेकडची, मधले चार तासच तिचे. आता वेळापूर सुटलं की बोळकी माडी येईल, डाव्या हाताला, चिंचेमागं. कठड्याचे मधले खांब पडलेत."

चिंच होती. माडी होती. खांब पडलेले होते, आता तर सगळेच पडले होते, नुसत्या हिरड्या उरल्या होत्या. तात्या काचेला नाक लावून बघत राहिले. "चाळीस वर्सं ह्या रस्त्यानं गेलो की गं मी," ते म्हणाले. "ही माडी कदी बघितली न्हाय."

"तुमची नजर रस्त्यावर असायची ना. आईला लई आवडायची ही माडी. म्हणायची, म्हातारपणी आपला बी कठडा असाच व्हनार."

तात्यांना हसू आलं. मग वैजयंतीला आवरेना. एकडोळ्या वाडा यायच्या आधी सांगितला, पाण्याच्या टाकीवर मोर काढलेली बाजू सांगितली. भीमेच्या पुलावर आई दोन्ही पोरींचे हात धरून उभी राहायची आणि नदीला नमस्कार करायच्या आधी जोरात ओरडायची, आवाज घुमतो का बघायला. तात्यांची नक्कल करायची, हुबेहूब, 'पुढं काय? पुढं काय?' करून. रेश्मा ओकायचं विसरून हसायची. आणि सपाट रस्ता आला की टेम्पोची मागची फळी, म्हणजे फाळका, खाली पाडून त्यावर बाहेर पाय सोडून बसायची.

"कुटं?"

"फाळक्यावर. मागच्या."

"चालत्या गाडीत?" तात्या एकदम कडाडले. "आन पडली असती म्हंजी? खड्डा आला असता, ब्रेक लागला असता! अक्कल हाय का न्हाय त्या बाईला?"

नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोवर ते चाळीस वर्षं जुन्या गुन्ह्यासाठी खरोखर संतापले होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. वैजयंतीने हळूच बघितलं तर त्यांचा राग मध्येच कुठेतरी अडखळला होता.

"मला कुनी सांगितलं का न्हाय?" ते म्हणाले.

"तुम्ही पुढं होतात."

"मला तिचे दोन ठोके ऐकू यायचे," तात्या म्हणाले. "मला वाटायचं, बसली आसंल कोपऱ्यात अंग चोरून. पोरींना सांभाळत. कटाळली आसंल. मी मुद्दाम गाडी जोरात हानायचो, तिचं हाल लवकर संपावं म्हनून."

"ती म्हणायची, तुमच्या बाला सांगा की जरा हळू," वैजयंती म्हणाली, आणि हे खरं होतं. तात्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, अगदी उघडपणे, आणि मग पोट धरून हसले. तिनेही हसून घेतलं आणि गाडीचा वेग साठवरून पन्नासवर आणला.

मोहोळच्या अलीकडे, तिने सांगितलेल्या ठिकाणी, शेंदऱ्या मारुती समोरून आला. लालभडक, मोठ्ठे डोळे. सकाळी त्याचीच चुन्याची पाठ दिसली होती. तात्यांनी गाडी थांबवायला लावली, उतरून हात जोडले आणि येताना त्याच्या पायाशी वाहिलेली दोन झेंडूची फुलं उचलून आणली. एक त्यांनी डॅशबोर्डवर ठेवलं, एक हातात धरून बसले.

मोहोळला पुण्याहून सोलापूरला येणाऱ्या हमरस्त्याला लागल्यावर त्यांनी खिशातून फोन काढला, लांब धरून आशिषचा नंबर शोधला आणि तो उचलायच्या आधीच बोलायला लागले.

"आशिष, पाय कसाय? बरं. ऐक. पाय बरा झाला तरी पुढल्या भाऊबीजंला तू यायचं न्हाय. वैजू चालवंल. लई चांगली चालवती ती." मग पलीकडून आशिष काहीतरी विचारत होता. तात्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "मी? मी मागं बसनार. तोंड मागं करून. तुझी आय बसायची तसा."